प्रेस थांबवून उभे राहणारे नाना

मारुतराव गराडे, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यांची माझी पहिली भेट भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला झापलं. मी डिप्लोमा करून नुकतीच ट्रेनी म्हणून लागले होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या प्रेसच्या रांगा, पायाखाली तेलकट फरशी, आणि कानाला दडे बसतील असा आवाज. पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली तेव्हा आता एकच गलका होणार असं मला वाटलं. झालं भलतंच. एकामागोमाग एक सगळ्या प्रेस बंद पडल्या. प्रत्येक प्रेससमोर एक जाणारा आणि एक येणारा असे दोघे दोघे हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. कुणी बोलेना. कुणीतरी वारलं असेल, श्रद्धांजली चालली असेल, असं समजून मीही हात जोडून मान खाली घातली. मागून आवाज आला, "मान वर करा बाई. हितं कुणी मेलेलं न्हाई. मरू नये म्हणून उभं ऱ्हायलोय."

मागे वळून पाहिलं तर खाकी शर्टातले, उंचीनं बेताचे, कपाळाला आठ्या असलेले शिफ्ट सुपरवायझर उभे होते. त्या आठ्या रागाच्या नाहीत, त्यांचा चेहराच तसा आहे, हे कळायला मला बरेच महिने लागले.

नानांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीनं दोन सूचना केल्या होत्या. नानांचा पहिला परिचय कसा झाला ते सांगावं, आणि शेवट दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करावा. पहिली सूचना पाळली. दुसरीपाशी माझं घोडं अडलेलं आहे. नानांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे, तो फार पुढे गेलेला आहे, आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे मी इथे उघड लिहिते आहे, कारण तसं लिही असं नानांनीच मला सांगितलं. दीर्घायुष्य चिंतायचं तरी कुठल्या तोंडानं, हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसले आहे, आणि तो सुटेल अशी आशा मला नाही.

खरं तर नानांपासून हे लपवायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आपल्याकडे ते नेहमीच ठरतं. पंचाहत्तरी मार्गशीर्षात. तेवढी वाट पाहणं शक्य नाही, म्हणून समितीनं समारंभ अलीकडे ओढला आणि नानांना सांगितलं की तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, संत तुकाराम नगरातला हॉल मिळत नाही. इतकं बिनतोड कारण शोधल्याबद्दल आम्ही एकमेकांची पाठही थोपटली. नानांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी दापोडीहून बस पकडली, आणि त्या दुखऱ्या पोटानं हॉलवर जाऊन चौकशी केली. तिथल्या माणसानं त्यांना सांगितलं की मार्गशीर्षात हव्या त्या दिवशी या, हॉल मोकळाच आहे. घरी येऊन नाना बायकोला, म्हणजे आमच्या शेवंताकाकूंना, एवढंच म्हणाले की या लोकांना खोटं बोलायचं तर निदान हॉलवाल्याला आधी सांगून ठेवायचं. मग समिती शरमेनं त्यांच्या घरी गेली, खरं ते सांगून मोकळी झाली, आणि नानांनी सगळ्यांना चहा पाजला.

तर ते उभं राहणं. नानांची ती खोड साऱ्या वसाहतीत ठाऊक होती. खोड म्हणते, कारण व्यवस्थापनाच्या लेखी ती खोडच होती. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं चालती प्रेस येणाऱ्याच्या हाती सोपवायची, ही सगळीकडची रीत. नानांच्या शॉपमध्ये प्रेस बंद व्हायची, हात बाहेर निघायचे आणि दोघांनी काही वेळ नुसतं उभं राहायचं. किती वेळ, हे घड्याळावर कधी ठरलं नाही. नाना रांगेतून एक चक्कर मारायचे, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे आणि शेवटी "हं" म्हणायचे. त्यांचा "हं" आला की येणारा बसायचा आणि जाणारा सायकल काढायचा. एखाद्याचं तोंड त्यांना पसंत पडलं नाही तर त्याला ते आणखी उभं करायचे. त्यापायी शिव्याही खायचे.

याचं मूळ किसनमामांत आहे. किसनमामा हे शेवंताकाकूंचे धाकटे भाऊ. मावळातल्या गावाहून त्यांना आणून कंपनीत चिकटवलं ते नानांनीच. एका दुपारी शिफ्ट बदलत असताना किसनमामांच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. नाना पलीकडच्याच मशीनवर होते. चौकशी झाली, कामगाराचा निष्काळजीपणा असं ठरलं, आणि फाइल मिटली. नानांनी दवाखान्यात मेव्हण्याला एकच गोष्ट विचारली, त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं. किसनमामांनी सांगितलं की घरून निघताना बायकोशी कडाक्याचं वाजलं होतं, तेच घोळत होतं. जाणाऱ्या गड्यालाही विचारलं. त्याला बस चुकायची भीती होती. नानांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"एकाचं मन पुढं पळालेलं, एकाचं मागं ऱ्हायलेलं," ते म्हणाले. "मशिनीपाशी दोघांतलं कुणीच नव्हतं. नुसता हात होता."

किसनमामा पुढे दापोडीतच एका सोसायटीवर वॉचमन म्हणून राहिले. दर रविवारी ते नानांकडे जेवायला येतात आणि डाव्या हातानं जेवतात. त्या दुपारबद्दल दोघे एकमेकांशी कधी बोललेले नाहीत, असं काकू सांगतात.

एवढ्यावरून नाना म्हणजे कुणी सुरक्षा-तज्ज्ञ होते असं समजू नये, आणि साधुपुरुष तर त्याहून नव्हेत. या ग्रंथातल्या एका लेखात त्यांना 'कर्मयोगी' म्हटल्याचं कानावर आलं तेव्हा ते म्हणाले की माझा फोटो लावून अगरबत्त्या विकायच्यात का. ते तापट आहेत. पत्त्यांत हरले की पत्ते फेकतात. आणि दुसऱ्यांना थांबायला लावणारा हा माणूस स्वतः गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसतो, सोबतच्यांना बसवतो आणि रुळांकडे बघत चुळबुळतो. मला त्यांच्याबरोबर एकदा लोणावळ्याला जायचा योग आला. पुन्हा येऊ नये.

पण त्या उभं राहण्यात पुढे पुढे बोटं वाचवण्याहून जास्त काहीतरी आलं होतं. मी त्या शॉपमध्ये काही वर्षं काढली म्हणून सांगू शकते. प्रेसचा आवाज थांबला की मागचे आवाज वर यायचे. छताच्या पंख्याची घरघर, गेटवर चहावाल्यानं टेकवलेली किटली, कंपाउंडलगतच्या कडुनिंबावर कावळ्यांची भांडणं. वरच्या जाळीतून ऊन तेलाच्या डागावर उतरायचं आणि तो डाग निळाजांभळा दिसायचा. समोरच्या माणसाची दाढी आज वाढली आहे, डोळे सुजले आहेत, हे दिसायचं. वर्षानुवर्षं एकाच मशीनवर काम करूनही ज्यांची एरवी कधी गाठ पडली नसती अशी माणसं रोज थोडा वेळ समोरासमोर उभी राहायची. मी एकदा नानांना विचारलं की तुम्ही त्या वेळी काय बघत असता. ते म्हणाले, "पहिल्या शिफ्टचं करून झालं. दुसऱ्या शिफ्टचं अजून आलं न्हाई. एवढ्या वेळात आपुन कुणाचंच न्हाई, पोरी. ह्यो वेळ आपला."

हे वाचून कुणी हरखून जाऊ नये. त्या उभं राहण्यानं अपघात थांबले, असं झालेलं नाही. शिफ्टच्या ऐन मध्यावर, सगळं सुरळीत चाललेलं असताना, लातूरकडच्या एका कामगाराचा अंगठा गेला. नाना त्या दिवशी पायरीवर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले की थांबून समदं टळत न्हाई. ही हकीकत गौरवग्रंथात नको असं समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं पडलं. मी ती ठेवली आहे. नानांना खोटं कौतुक पचत नाही, आणि आता तर त्यांना काहीच नीट पचत नाही.

व्यवस्थापनाशी त्यांचं जे चाललं त्यालाही लढा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. एक साहेब हातात स्टॉपवॉच घेऊन आले, त्यांनी हा सगळा वेळ वाया जाणारा ठरवला आणि बंदीची नोटीस लावली. नानांनी नोटीस वाचली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट बदलताना सगळ्या प्रेसचं तेल तपासायचा हुकूम काढला. तेल तपासायला प्रेस बंद करावी लागते. साहेबांनी कपाळाला हात लावला. आम्ही सगळे तेलाच्या नळीकडे बघत उभे राहायचो आणि हसू दाबायचो. ते साहेब बदलून गेले, दुसरे आले, त्यांनी कानाडोळा केला. मग नाना निवृत्त झाले. त्यानंतरचा पहिला पगार व्हायच्या आतच शॉपमधलं उभं राहणं संपलं, आणि ते कुणी बंद केलं असंही नाही. "हं" म्हणायला कुणी नव्हतं, एवढंच. नंतर कंपनीच गेली. ती शेड आता एका घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपनीचं गोदाम आहे, आणि तिथली मुलं खोके घेऊन अक्षरशः धावत असतात.

मी आज चाकणला सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे भिंतीवर घोषणा आहेत, सुरक्षा सप्ताहात चित्रकलेची स्पर्धा असते, आणि प्रेसला किरणांचा पडदा आहे. हात आत गेला की मशीन आपोआप थांबतं. उत्पादन मागे पडलं की तो पडदा बंद करून काम चालतं, हे मला ठाऊक आहे आणि माझ्या वरिष्ठांनाही. मी लेखी हरकत घेते, ती पोचल्याची सही मिळते. कामगार कंत्राटी, सहा-सात महिन्यांत बदलतात, मला त्यांची नावं पाठ होत नाहीत. शिफ्ट बदलताना थोडा वेळ थांबू द्या, असं मी बैठकीत मांडलं तेव्हा एकांनी हसत विचारलं, "योगा क्लास काढायचाय का मॅडम?" सगळे हसले. नानांनी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला काहीही सुचलं नाही. ज्यांच्या गौरवासाठी आपण हा ग्रंथ काढतो आहोत त्यांच्या कामातलं आज या पट्ट्यात काय शिल्लक आहे, असं कुणी मला विचारलं, तर माझं उत्तर आहे, काही नाही.

त्यांच्या मायेबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. माझी आई पिंपरीच्या एका दवाखान्यात होती. मी व्हरांड्यात फोनवर होते. पुढची तपासणी कुठे करायची, घरी न्यायचं झालं तर खाट कुठून आणायची, सांभाळायला बाई मिळेल का. नाना डबा घेऊन आले. पिठलं आणि भाकरी, काकूंनी दिलेली. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, डबा दिला आणि आधी जेव म्हणाले. मी जेवले. मग ते म्हणाले, "आई आत्ता हाय ना? आत्ता जाऊन बस. फोन मी धरतो."

मी आत जाऊन बसले. आई आजाराबद्दल काही बोललीच नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या साडीचा काठ किती सुरेख आहे, तसा आपल्याला कधी मिळाला नाही, असं बोलत राहिली. मी तिचे पाय चेपत ऐकत होते. पुढच्या आठवड्यात ती गेली. त्या दुपारमुळे माझं दुःख हलकं झालं असं लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. उलट नेमकं काय गेलं ते मला त्या दुपारमुळेच कळलं. तरीही, नानांनी मला आत पाठवलं नसतं तर आईची शेवटची आठवण म्हणून माझ्यापाशी दवाखान्याचा व्हरांडा राहिला असता. या उपकाराची फेड नाही.

गेल्या आठवड्यात मी दापोडीला गेले होते. दुपारची वेळ. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते, फार वाळले आहेत. काकू खाली मेथी निवडत होत्या. मी लेखाचं अडलेलं सांगितलं. समितीला शेवटी दीर्घायुष्य चिंतायला हवं आहे, मी काय लिहू, असं सरळ विचारलं. नानांना हे विचारणं क्रूरपणाचं आहे, हे मला कळत होतं. पण त्यांना सोडून दुसऱ्या कुणाला विचारणार.

नाना म्हणाले, "शंभर वर्षं बिरं लिहू नको, लोक हसतील. आज संध्याकाळपातूर लिही. उद्याचं उद्या."

खोटं कशाला बोलू, लेखाला शेवट मिळाला असंच त्या क्षणी मला वाटलं. मी पिशवीतून पेन काढलं. तेवढ्यात काकू मेथीच्या जुडीवरून नजर न काढता बोलल्या. इतक्या वर्षांत नानांचं बोलणं त्यांनी मध्येच तोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"संध्याकाळपातूर ह्यांचं भागंल. माझं काय? समद्या कंपनीला थांबायला शिकवलं ह्यांनी. माझ्यापाशी कवा थांबले, इचारा. फस्ट शिफ्टला जाताना मी झोपलेली, सेकंडवरनं येताना मी झोपलेली. रिटायर झाले तर लोकांची भांडणं, लोकांचे दवाखाने. मी म्हनलं, असू दे, म्हातारपणी बसतील. आमचं म्हातारपण अजून सुरूच झालं न्हाई, बाई. अन् तुमी संध्याकाळ लिवताय."

स्टॉपवॉचवाल्या साहेबांपासून समितीपर्यंत प्रत्येकाला ज्यांच्यापाशी उत्तर असायचं, त्या नानांनी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली. काकू म्हणाल्या की भाजी राहिलीय. मग त्यांनी पदराला हात पुसले, उठल्या आणि त्या जागेवर जाऊन बसल्या, जरा अवघडूनच, पाहुण्यासारख्या. मी पेन पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. त्या घरातून चहा न घेता मी प्रथमच बाहेर पडले, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

समिती म्हणते, शुभेच्छा हव्यात. नानांनी सांगितलेली संध्याकाळ मला पुरत नाही, आणि शंभर वर्षं मागायला मला तोंड नाही. मागितलेलं मिळतं यावर माझा विश्वासही उरलेला नाही. तरी या वेळी मागते, शेवंताकाकूंच्या वतीनं. मारुतराव गराडे यांना काकूंपाशी थांबायला पुरेल एवढं आयुष्य मिळो, वेदनेवाचून, चालतं-बोलतं. पुरलं की नाही, ते काकू सांगतील.